ओट्टोरावांचा कावळा

प्रथमेशचा प्रतिस्पर्धी मेलेला होता, आणि हीच मोठी पंचाईत होती. जिवंत माणसाशी भांडता येतं. त्याच्या केसांना, गाडीला, इंग्रजीला नावं ठेवता येतात. अगदीच डोक्यावरून पाणी गेलं, तर त्याची बदली अलास्काला व्हावी म्हणून गणपतीला नारळ बोलता येतो. पण जो माणूस १७७६ साली डेन्मार्कमधल्या स्वतःच्या वाड्यात, आरामखुर्चीत बसल्या बसल्या वारला, त्याचं काय वाकडं करणार?

त्याचं नाव ओट्टो फ्रेडरिक फाल्केनहोय. उमराव घराण्यातला धाकटा मुलगा. जमीनजुमला थोरल्या भावाकडे गेला म्हणून हा व्यापारी कंपनीत शिरला आणि जहाजात बसून थेट तमिळ किनाऱ्यावर, तरंगंबाडीला उतरला. तिथे डॅनिश लोकांचा एक चिमुकला किल्ला होता. कारकून, खजिनदार, गव्हर्नर असं करत करत हा वर चढला. दिवसा कारभार हाकायचा आणि संध्याकाळी विनोदी नाटकं लिहायची, असा त्याचा खाक्या. वर्षातून एकदा नजराणा घेऊन त्याला तंजावरला जावं लागे, कारण किल्ल्याची जमीन तंजावरच्या राजाची होती. आणि तंजावरचे राजे म्हणजे भोसले. दरबार मराठी.

ज्ञानदाला ओट्टो सापडला तो इथे. ती कोल्हापूरची, इतिहासात पीएचडी करायला शिकागोत आलेली. ओट्टोसाठी ती डॅनिश शिकली, दोन उन्हाळे कोपनहेगनला राहून आली, आणि तिसऱ्या उन्हाळ्यापर्यंत तिची अशी स्थिती झाली, की कुणी ‘चहा घेणार का’ विचारलं तरी ती ओट्टो चहा कसा घ्यायचा ते सांगायची. प्रथमेशला ती शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या मराठी मंडळात संक्रांतीला भेटली. तिळगूळ हातावर ठेवता ठेवता तिने ओट्टोच्या टोपाची गोष्ट सांगितली, म्हणजे डोक्यावर घालायच्या केसांच्या टोपाची, आणि सांगताना स्वतःच इतकी हसली की तिला ठसका लागला. प्रथमेशने पाणी आणून दिलं आणि तिथल्या तिथे त्याचा निकाल लागला.

पुढे रीतसर सगळं झालं. नागपूरला त्याच्या घरी आणि कोल्हापूरला तिच्या घरी पेढे वाटले गेले. ज्ञानदाची अट एकच होती: “ओट्टो संपला की लग्न.”

ओट्टो संपेना. दोघांच्या आयांनी मिळून कार्यालय दर हंगामाला बुक केलं आणि दर हंगामाला कॅन्सल केलं. कार्यालयाचा मॅनेजर आता फोन उचलल्यावर आधी ओट्टोची खुशाली विचारत असे.

अडलं होतं ते एका वाक्यापाशी. म्हातारपणी ओट्टोने आत्मचरित्र लिहायला घेतलं होतं. त्यात तंजावर दरबारातला एक प्रसंग आहे. रणरणत्या उन्हात, डोक्यावर टोप आणि अंगात मखमली कोट अशा थाटात ओट्टो सकाळपासून ताटकळत बसलाय. अखेर राजा येतो, त्याच्याकडे बघून मराठीत काहीतरी म्हणतो, आणि सगळा दरबार खो खो हसतो. पुढे ओट्टो लिहितो, ‘आणि मग मीही हसलो, कारण’.

बस. इथे लेखणी थांबली आणि लेखकही.

त्याला मराठी कळलं म्हणून तो हसला, की कळलं नाही म्हणून? कळलं असेल, तर तो दरबारातला जाणता माणूस; नसेल, तर एक घामाघूम झालेला परदेशी. ज्ञानदाच्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण या ‘कारण’वर टांगून राहिलं होतं. कुणी काही तर्क सुचवला की ती भुवई उंचावून विचारायची, “कशावरून?”

२००३ च्या सप्टेंबरात दोन गोष्टी एकदम झाल्या. ज्ञानदाच्या प्रोफेसरबाईंनी तिला बजावलं की डिसेंबरात प्रबंध दे, नाहीतर विसर. आणि प्रथमेशच्या कंपनीने त्याची जानेवारीपासून शुगर लँडला बदली केली. टेक्सास! म्हणजे आता ओट्टो डिसेंबरात संपला नाही तर लग्नाचं काही खरं नव्हतं. ज्ञानदा शिकागोत, प्रथमेश ह्यूस्टनजवळ, आणि मधोमध आडवा पसरलेला ओट्टो.

प्रथमेश राहायचा श्रीरामकाका आणि शोभाकाकूंच्या बेसमेंटमध्ये. काकांची टेलिफोन कंपनीतली नोकरी दोन वर्षांपूर्वी गेली. घरी बसून करायचं काय, तर त्यांनी पूजाविधी शिकायला घेतले, सीडीवरून. आता नेपरव्हिलमधल्या गणपतीपासून ते नव्या मिनीव्हॅनच्या पूजेपर्यंत सगळं काकाच करायचे. उच्चार शुद्ध, आवाज खणखणीत, फक्त मधूनच त्यांच्यातला इंजिनिअर जागा व्हायचा आणि ‘आता सिस्टिम रीसेट करू’ म्हणत ते आचमन करायला लावायचे.

एका सकाळी पोहे खाताना प्रथमेशने काकूंपुढे आपलं गाऱ्हाणं मांडलं. काकूंनी ते शांतपणे ऐकलं, त्याच्या डिशमध्ये आणखी पोहे वाढले आणि विचारलं, “त्याला मूलबाळ?”

“कुणाला?”

“ओट्टोरावांना रे.”

“नव्हतं. लग्नच नाही केलं त्याने.”

“मग त्याचं दिवसपाणी कुणी केलं?”

प्रथमेशचा चमचा हवेतच राहिला.

“बघ,” काकू म्हणाल्या, “माणूस वाक्य अर्धवट टाकून गेलाय. म्हणजे इच्छा राहिलीये. घास कुणी घातला नाही. मग काय करेल बिचारा? जी त्याचं नाव घेते तिलाच धरून बसणार! अहो, ऐकताय का? दहाव्याचा पिंड ठेवून कावळा शिवतो का बघू या त्यांचा.”

काका बाहेरच्या खोलीतून ताडकन उठून आले. दशक्रिया त्यांनी अजून एकदाही केली नव्हती, आणि सीडीवर ती होती.

प्रथमेश केमिकल इंजिनिअर होता. पण तीन वर्षं नाकी नऊ आलेल्या माणसाला विज्ञान किती पुरणार? तो म्हणाला, “करू या.”

ज्ञानदाला फोनवर सांगितलं, तेव्हा तिने ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग ती म्हणाली, “तू माझ्या थिसिसच्या सब्जेक्टचं श्राद्ध घालणारेस?”

“श्राद्ध नाही. दहावा.”

“यार, तो लूथरन होता!”

“काका म्हणतात चालतं.”

“मी येणार नाही,” ती म्हणाली. आणि मग, फोन ठेवता ठेवता, “आणि हे बघ, वेलची घालू नका कशात. त्याला वेलचीचा भयंकर तिटकारा होता.”

पितृपक्ष त्या वर्षी गुरुवारी संपत होता, पण अमेरिकेत तिथी कुठलीही असो, ती शनिवार-रविवारी येते. तसा हा दहावा अमावास्या उलटून थेट नवरात्रातल्या रविवारी आला. काकूंनी किंचित नाक मुरडलं. काका म्हणाले, “इतकी वर्षं थांबलाय, तीन दिवस थांबेल की.”

रविवारी सकाळी ज्ञानदा ‘येणार नाही’ म्हणत पहिल्याच ट्रेनने हजर झाली. हाताची घडी घालून बॅकयार्डात उभी राहिली. आपण फक्त चुका दुरुस्त करायला आलोय, असं तिने जाहीर केलं.

चुकांना तोटा नव्हता. काकूंनी ओट्टोरावांना आवडायचं म्हणून खारवलेल्या हेरिंग माशांची बरणी आणली होती. पण ती स्वयंपाकघरात नको म्हणून गॅरेजमध्ये, लॉनमोवरवर पाट ठेवून उघडली होती, आणि आता गॅरेजमध्ये पाऊल ठेवायची सोय राहिली नव्हती. प्रथमेश काकांच्या धोतरात गुरफटून बसला होता. काका त्याच्याहून वीतभर बुटके, त्यामुळे धोतर पोटरीच्या वरच थांबलं होतं. त्याचं जानवं नागपूरलाच राहिलं होतं, म्हणून खांद्यावर टॉवेल. समोर काकांचा लॅपटॉप, आणि त्यावर मंत्र.

काकांनी सुरुवात केली. क्रौंचद्वीप झालं, अमेरिकाखंड झालं, मिसिसिपी नदीच्या पूर्वेला डुपेज नदीच्या तीरी असंही म्हणून झालं. मग ते अडले. “गोत्र?”

“डॅनिश माणसाला गोत्र कुठलं काका?” ज्ञानदा म्हणाली.

“माहीत नसेल तर काश्यप धरायचं. आणि वर्ण? उमराव म्हणजे क्षत्रिय. म्हणजे शर्मा नाही, वर्मा लावायचं. वडिलांचं नाव?”

“नील्स.”

“आजोबा?”

“येन्स. त्यांच्या आधी दुसरे नील्स.”

“वा!” काका खूश झाले. “इथल्या यजमानांना पणजोबांचं नाव विचारलं की इंडियाला फोन लावतात. काश्यपगोत्रस्य ओट्टोवर्मणः...”

ज्ञानदाने तोंडावर हात दाबला. प्रथमेशला तिचे खांदे हलताना दिसले. तो आतापर्यंत गंभीर होता, पण ‘ओट्टोवर्मणः’ ऐकून त्याच्याही पोटात गुदगुल्या व्हायला लागल्या, आणि प्रेतकार्यात हसू नये म्हटल्यावर तर त्या आवरेनात. इतक्यात लॅपटॉपवरचे मंत्र गेले आणि स्क्रीनसेव्हरवर नायगाऱ्यापुढे प्लास्टिकचे रेनकोट घालून उभं असलेलं काकांचं सगळं कुटुंब झळकलं. काका त्या फोटोकडे बघत दोन ओळी पाठ म्हणून गेले.

पिंड झाला. भाताचा, काळे तीळ घातलेला, छान गोल. तो अॅल्युमिनियमच्या ट्रेमध्ये हेरिंगच्या तुकड्यांसकट गवतावर ठेवला, आणि सगळे चार पावलं मागे सरून आकाशाकडे बघू लागले.

आकाश स्वच्छ होतं. पार स्वच्छ. त्यात कावळा नव्हता.

“कावळे आहेत कुठे?” काकांची शाळकरी मुलगी इला म्हणाली. ती बॅकयार्डाच्या पायरीवर बसून मजा बघत होती. “डॅड, दे ऑल डाइड. वेस्ट नाइल, रिमेंबर?”

कुणालाच आठवलं नव्हतं. मागच्या उन्हाळ्यात डासांवाटे तो रोग आला आणि इलिनॉयमधले कावळे पटापट मेले. टीव्हीवर रोज दाखवत होते. दहाव्याची सगळी सिद्धता झाली, धोतर आलं, दर्भ आले, मासा आला. कावळा आहे का, एवढंच कुणी पाहिलं नव्हतं.

एक खार मात्र आली. तिने ट्रेभोवती चक्कर मारली, पिंडाचा वास घेतला. काकूंनी “हाड!” केलं. “खार चालेल का हो?” प्रथमेशने आशेने विचारलं. काकांनी सीडीवर शोधलं. खारीचा उल्लेख नव्हता.

“फॉरेस्ट प्रिझर्व्हमध्ये असतील,” इला म्हणाली. “आय सॉ सम. पिकनिक टेबलांपाशी.”

मग वरात निघाली. मिनीव्हॅन काकूंनी चालवली. शेजारी काका, सोवळ्यावर शिकागो बेअर्स या फुटबॉल संघाचं जॅकेट चढवून. मागे इला, आणि तिच्या मागे प्रथमेश मांडीवर पिंड घेऊन. ज्ञानदा त्याला खेटून, ट्रे कलंडू नये म्हणून एक हात लावून. खिडक्या चारही उघड्या, कारण हेरिंग. प्रत्येक सिग्नलला शेजारच्या गाडीतले लोक वळून बघत होते, आणि काका प्रत्येकाला हात करत होते.

“काकू, स्लो! वळणावर ओट्टो घसरतोय!” ज्ञानदा ओरडली, आणि मग जे हसत सुटली ते थांबेचना. डोळ्यांतून पाणी आलं, चष्मा काढून हातात धरला. प्रथमेश तिच्याकडे बघत राहिला. संक्रांतीला ठसका लागला होता त्यानंतर ती अशी हसलेली त्याने पाहिलीच नव्हती. गेल्या तीन वर्षांत तिच्या कपाळावर एक आठी आली होती आणि ती आठी आपण ओट्टोच्या नावावर घालत आलो, हे त्याला एकदम जाणवलं. ही मला हवी आहे, असं त्याला इतकं लख्ख वाटलं की ट्रेवरची त्याची पकड सुटता सुटता राहिली.

फॉरेस्ट प्रिझर्व्हमध्ये कावळा होता. एक. ओकच्या उंच फांदीवर, लांब बसलेला.

पिंड लाकडी टेबलावर ठेवला. सगळे मागे सरले. कावळ्याने मान तिरकी करून एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि पाठ फिरवली.

“झालं!” काकू कुजबुजल्या. “इच्छा राहिलीये. बोला, एकेकाने बोला. काय राहिलं असेल ते पुरं करू म्हणून सांगा.”

इथून पुढे जो गोंधळ झाला त्याला तोड नाही. काकूंनी हात जोडले. “ओट्टोराव, आंबा खायचा राहिला असेल तर सांगा. हापूसच्या रसाचा डबा आहे घरी, आज उघडते.”

“आंबा त्याने भरपूर खाल्ला होता,” ज्ञानदा म्हणाली. “नंतर त्याला गळवं झाली.”

“तुमचं नाटक आम्ही दिवाळीला मंडळात बसवतो!” काका फांदीकडे बघून गरजले. “रिहर्सलला लोक येत नाहीत, पण बसवतो!”

“आय’ल मेक हिम अ वेबसाइट,” इला म्हणाली.

कावळा पंख साफ करत होता. मग सगळ्यांनी प्रथमेशकडे पाहिलं. कर्ता तो होता.

प्रथमेश पुढे झाला. धोतर सावरलं. काहीतरी थट्टेचं बोलायचं त्याने ठरवलं होतं, पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

“ओट्टोराव, मी तुम्हाला तीन वर्षं शिव्या घातल्यात. तुम्ही संपावं म्हणून मी हे सगळं करतोय, खरं सांगतो. पण तिला तुमचं वाक्य हवंय, तर... ठीक आहे. मी घाई करत नाही. शुगर लँड सोडतो, दुसरी नोकरी बघतो. लागू दे किती वर्षं लागायची ती. मी थांबतो.”

इतकं मोठं मन प्रथमेशने आयुष्यात कधी केलं नव्हतं. काकूंनी पदर डोळ्यांना लावला. आता तो येणार, म्हणून सगळ्यांनी फांदीकडे पाहिलं.

कावळा ढिम्म हलला नाही.

“काय माणूस आहे!” काका चिडले. “दर्भाचा कावळा करून शिवून टाकू या. शास्त्रात आहे.”

“थांबा!” ज्ञानदा म्हणाली. पण ती काकांशी बोलत नव्हती. तिची नजर प्रथमेशवर होती आणि चेहरा लाल झाला होता. “तुला कुणी सांगितलं थांबायला?”

“अगं, मला वाटलं...”

“नोकरी सोडतो म्हणे! आणि समजा सापडलं नाही कारण? समजा कुठेच नसेल ते लिहिलेलं?”

“तूच म्हणतेस ना सापडेल?”

तिने तोंड फिरवलं. प्रथमेशला वाटलं, आपण पुन्हा काहीतरी चुकीचं बोललो. त्याने विषय बदलायला म्हणून जे रोज मनात यायचं ते बोलून टाकलं. “मला विचारशील तर त्याला ओ की ठो कळलं नसणार. आमच्या ऑफिसात सोमवारी सकाळी सगळे फुटबॉलचे जोक मारतात. मला फुटबॉल कळत नाही. पण सगळे हसले की मी हसतो. सगळ्यांच्या नंतर, अर्धा सेकंद.”

“मी बेसबॉलला हसतो,” काका म्हणाले. आणि मग, फांदीकडे बघतच, “नोकरी गेली ना, त्या दिवशी मीटिंगमध्ये बॉसने एक जोक केला. सगळे हसले, मीही हसलो. पार्किंग लॉटमध्ये आल्यावर कळलं, ज्यांना काढणार होते त्यांच्यावरच होता तो. म्हणजे माझ्यावर.”

काकूंनी चटकन त्यांच्याकडे पाहिलं. हे त्यांनाही माहीत नव्हतं.

“मी उलटं करते,” इला म्हणाली. “इंडियाला गेलो की आजी आणि सगळ्या मावश्या हसतात. मला समजतं. सगळं समजतं. पण दे थिंक आय डोंट, सो आय लाफ लेट. त्यांना बरं वाटतं.”

इलाच्या तोंडून एका दमात इतकं मराठी कुणी ऐकलं नव्हतं. प्रथमेशने ज्ञानदाकडे पाहिलं. आता ती विचारेल, कशावरून? ओट्टो असाच हसला असेल कशावरून? पण तिने विचारलं नाही. ती बाकावर बसली आणि चष्मा काढून पुसू लागली.

“मला वर्षभर माहितीये,” ती म्हणाली. “कारण कुठेच नाहीये. कोपनहेगनमध्ये जे जे होतं ते सगळं मी वाचलं. संपलं. पण ओट्टो संपला की मी काय करू, तेच कळेना. रोज सकाळी उठून मला काय करायचं ते माहीत असायचं. त्याच्याशिवाय मी कोण, असं झालं होतं. म्हणून तुम्हाला सगळ्यांना सांगत राहिले, शोधतेय म्हणून. भीती वाटत होती मला. प्रथमेश, तू थांबतो म्हणालास ना, तेव्हा मला पुढचं सगळं दिसलं. हा खरंच थांबेल आणि मी खरंच याला थांबवेन, म्हातारा होईपर्यंत.”

प्रथमेश पुढे आला. तो धोतरात, टॉवेल खांद्यावर, तसाच तिच्यासमोर गवतावर बसला.

ती उठली. टेबलाकडे नाही, झाडाकडेही नाही, उगाच समोरच्या मोकळ्या मैदानाकडे तोंड करून मोठ्याने म्हणाली, “ओट्टो, ऐक. मी कारण देणार नाही. तू जिथे सोडलंस तिथेच मी सोडणार. खाली लिहीन, का हसला ते मला माहीत नाही. कळून हसला असेल, न कळून हसला असेल, आम्ही दोन्ही करतो. कमिटीला काय करायचं ते करू दे. डिसेंबरात देते.”

सगळे तिच्याकडे बघत होते. आणि तेव्हाच इला किंचाळली, “ओ माय गॉड, ही इज हिअर!”

कावळा टेबलावर होता. नुसता शिवला नव्हता, चांगला मांडी ठोकून बसल्यासारखा जेवत होता. अर्धा पिंड गेला होता. हेरिंगचा एक तुकडा चोचीत होता आणि दुसरा त्याने पायाखाली दाबून धरला होता.

“कधी आला? कुणी पाहिलं?”

कुणीच पाहिलं नव्हतं.

“नाटकाला आला,” काका ठामपणे म्हणाले. “नाटककार माणूस. त्याला स्टेज हवं होतं.”

“आंब्याला आला असणार, गळवं झाली म्हणून काय झालं,” काकू म्हणाल्या.

“वेबसाइट,” इला म्हणाली.

“माझ्यासाठी आला,” ज्ञानदा म्हणाली.

तिला कुणी काही विचारलं नाही, आणि तिने पुरावाही दिला नाही. प्रबंधाच्या सात वर्षांत पहिल्यांदाच ती ओट्टोबद्दल एक वाक्य नुसतं म्हणून मोकळी झाली होती.

कावळ्याने उरलेला भात विस्कटला, सगळ्यांकडे तुच्छतेने पाहिलं आणि मासा घेऊन ओकच्या पलीकडे उडून गेला. काकांनी प्रथमेशच्या ओंजळीत पाणी ओतलं आणि अंगठ्यावरून सोडायला सांगितलं. प्रथमेशने पाणी सोडलं, आणि काय झालं कोण जाणे, त्याचे डोळे भरून आले. तीन वर्षं ज्याच्यावर जळलो, तो एक घामाघूम झालेला, टोप घातलेला माणूस होता. सगळे हसले तेव्हा तोही हसला होता, आणि त्याच्या घरी त्याच्यासाठी रडणारं कुणी नव्हतं. प्रथमेश हुंदका देऊन रडला. जवळून सायकलवरून चाललेल्या एका म्हाताऱ्या अमेरिकन बाईने थांबून विचारलं, सगळं ठीक आहे ना. इला म्हणाली, हो, त्याचा एक जुना मित्र गेला.

परतताना ज्ञानदा मिनीव्हॅनमधून स्टेशनवरच उतरली. ट्रेनला अवकाश होता, पण तिला घरी जाऊन लगेच लिहायला बसायचं होतं. दार लावून ती दोन पावलं गेली, मग परत आली आणि प्रथमेशच्या बाजूच्या उघड्या खिडकीतून आत वाकली.

“येते हं,” ती म्हणाली.

“अगं अगं!” काकू घाईघाईने म्हणाल्या. “दहाव्याहून जाताना येते म्हणू नये कधी. गुपचूप निघायचं असतं.”

“मला माहितीये काकू.” तिने प्रथमेशच्या खांद्यावरचा ओला टॉवेल ओढून सरळ केला. “तरी म्हणते. डिसेंबरात सबमिट करते आणि शुगर लँडला येते. तू घर बघून ठेव.”

काकू पुन्हा काहीतरी म्हणणार होत्या. काकांनी त्यांचा हात धरला. “म्हणू दे गं तिला.”

प्रथमेशने खिडकीतून दोन्ही हात बाहेर काढले आणि त्या हेरिंगच्या वासाच्या, तीळ चिकटलेल्या हातांनी तिचा चेहरा धरला.